दोर परत बोलावणं : सांदण दरी, रॅपलिंग आणि मागे काहीच न ठेवणारे अँकर

(हा एपिसोडचा लिखित अवतार आहे. गाठी आणि दोराचं प्रकरण नुसतं ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून इथे सावकाश वाचा. लोकलमध्ये नेट गेलं तरी पान उघडं राहील.)

आजचा विषय खास आपल्या कसारा लाइनवाल्यांसाठी. आपण खडवलीला राहतो. म्हणजे कल्याण-डोंबिवलीकरांना शनिवारी रात्री सॅक घेऊन जिथून निघायचं असतं, त्याच्या निम्म्या वाटेवर आपण आधीच पोचलेलो असतो. पुढे वासिंद, मग आसनगाव, आणि शेवटी कसारा. या दोन स्टेशनांचा, आसनगाव आणि कसारा, आजच्या गोष्टीशी थेट संबंध आहे. एका स्टेशनवरून वर चढायचं आणि दुसऱ्या स्टेशनवर खालून यायचं. मधे आहे सांदण दरी.

रील्समध्ये सांदण तुम्ही पाहिलीच असेल. दोन्ही बाजूला उभे कातळ, मधे चिंचोळी फट, कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर सॅक धरून चाललेली मुलं. आणि मग तो दोरावरून खाली उतरतानाचा शॉट. खाली थम्स अप, व्हिडिओ संपला. आज मला त्या व्हिडिओच्या पुढची गोष्ट सांगायची आहे. सगळे उतरल्यावर वरच्या दोराचं काय होतं?

शब्दातच उत्तर आहे

'रॅपल' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ 'उतरणं' असा नाहीच. त्याचा अर्थ आहे 'परत बोलावणं'. कुणाला परत बोलावणं? दोराला! एकोणिसाव्या शतकात आल्प्समधल्या गिर्यारोहकांपुढे प्रश्न होता, की कड्यावरून दोर लावून उतरलो, पण दोर वरच राहिला तर पुढच्या कड्याला काय वापरायचं? जाँ शार्ले-स्ट्रातों या फ्रेंच गाइडने पेती द्रू या सुळक्यावर हे तंत्र वापरलं, असं गिर्यारोहणाच्या इतिहासात सांगतात. त्या सुळक्यावर तो १८७९ मध्ये पोचला. दोर आधारातून दुहेरी ओवायचा, दोन्ही पदर धरून उतरायचं, आणि खाली आल्यावर एक पदर ओढून सगळा दोर खाली घ्यायचा.

विहिरीवरची कप्पी डोळ्यांसमोर आणा. दोर कप्पीवरून दोन्ही बाजूंना लोंबतोय. एक बाजू ओढत राहिलात तर दुसरी वर जाते, कप्पीवरून पलटी खाते आणि धप्पकन खाली पडते. बास, रॅपलिंगचं मूळ तत्त्व एवढंच. बाकी सगळं म्हणजे या एका कल्पनेतल्या अडचणींवर शोधलेली उत्तरं आहेत.

आधी सांदण समजून घेऊ

सांदण दरी सुरू होते साम्रद गावाजवळ. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. भंडारदऱ्याच्या मागचा हा भाग. एका बाजूला रतनगड, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगचं त्रिकूट, समोर आजोबाचा डोंगर. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. म्हणजे इथे आपण जातो ते वनखात्याच्या हद्दीत, हे डोक्यात पक्कं ठेवा.

साम्रद घाटमाथ्यावर आहे. दरीतून उतरत उतरत खाली गेलात की तुम्ही ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात येता. खाली डेहणे गाव. तिथून जीपने आसनगाव स्टेशन. म्हणजे कसाऱ्याहून घोटी-शेंडीमार्गे साम्रद गाठायचं, दरी उतरायची आणि आसनगावला लोकल पकडायची. कोणाला परत साम्रदलाच जायचं असेल तर करोली घाटाने वर चढता येतं.

दरी कशी बनली? आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि थंड होताना कातळाला उभ्या भेगा पडल्या. अशा कमजोर रेषेत पाणी शिरलं की ते दरवर्षी थोडं थोडं कोरत जातं. लाखो वर्षं हे चाललं की फटीची घळ होते, घळीची दरी होते. सांदणमध्ये भिंती शेकडो फूट उंच आणि काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी रुंदी कमी. दुपारचा थोडा वेळ सोडला तर तळाला ऊन पोचत नाही.

एक गैरसमज इथेच संपवू. 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असं प्रत्येक ट्रेकच्या जाहिरातीत असतं. मंडळी, आशियात हिमालय आहे! नेपाळमधली काली गंडकीची दरी, तिबेटमधली यारलुंग त्सांगपोची दरी या हजारो मीटरच्या गोष्टी आहेत. सांदण सुंदर आहे, त्यासाठी खोटा नंबर चिकटवायची गरज नाही.

अमेरिकेतले वाळवंट आणि आपला मे महिना

अशा फटींना जगभर 'स्लॉट कॅन्यन' म्हणतात. त्यांचं माहेर म्हणजे अमेरिकेतला युटा आणि ॲरिझोनाचा वाळवंटी भाग. तिथला दगड आपल्यासारखा काळा बेसाल्ट नाही, तांबूस वालुकाश्म आहे. मऊ, पाण्याने सहज कोरला जाणारा. तिथे असे शेकडो चिंचोळे मार्ग आहेत, कित्येक ठिकाणी मैलोन्मैल गाव नाही, मोबाइलला रेंज नाही.

'१२७ अवर्स' हा सिनेमा आठवतोय? २०१० चा, ए. आर. रहमानचं संगीत असलेला. तो अशाच एका कॅन्यनमध्ये घडलेल्या खऱ्या घटनेवर आहे. एप्रिल २००३ मध्ये ॲरन रॉल्स्टन एकटाच ब्लूजॉन कॅन्यनमध्ये गेला, एक मोठा दगड सरकून त्याचा हात अडकला, आणि पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. कुठे चाललोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. शोधायचं कुठे, हे तरी कोणाला कळणार?

तर या वाळवंटी कॅन्यनमध्ये उतरणाऱ्या लोकांनी गेल्या काही दशकांत 'मागे काहीच न ठेवता उतरायचं' हे तंत्र बरंच पुढे नेलं. आपल्याकडे वाळवंट नाही. पण मार्च ते मे या काळात सह्याद्रीची एखादी निनावी घळ पाहिलीत, पाणी आटलेलं, कातळ तापलेला, माणूस दिसत नाही, तर फरक फार उरत नाही. म्हणून त्यांचं तंत्र आपण समजून घ्यायला हवं.

अँकर म्हणजे काय?

तुमचा दोर ज्या गोष्टीला बांधलाय ती गोष्ट म्हणजे अँकर. झाड, कातळाचा कोंब, दोन दगडांत अडकलेला मोठा धोंडा, किंवा माणसाने ठोकलेला बोल्ट. सांदणच्या पहिल्या मोठ्या पॅचवर, म्हणजे साधारण चाळीस-पन्नास फुटांच्या उतारावर, बोल्ट ठोकलेले दिसतात. त्यापुढचे पॅच लहान आहेत.

बोल्ट सोयीचे. पण प्रत्येक घळीत बोल्ट नसतात, आणि असले तरी ते किती पावसाळे खाऊन बसलेत हे बघून कळत नाही. साध्या लोखंडाचा बोल्ट सह्याद्रीच्या पावसात आतून गंजतो, बाहेरून ठीक दिसतो. म्हणून मग लोक झाडाला किंवा दगडाला नायलॉनच्या पट्टीचा फास, म्हणजे स्लिंग, बांधतात, त्यात एक धातूची कडी अडकवतात आणि कडीतून दोर ओवतात. उतरल्यावर दोर खाली येतो, पण स्लिंग आणि कडी वरच राहतात.

पुढच्या वर्षी दुसरा ग्रुप येतो. त्यांना ती जुनी स्लिंग दिसते. उन्हाने रंग उडालेला, हाताला कडक लागते. भरवसा नाही म्हणून ते शेजारी नवी बांधतात. असं करत करत एका झाडाला रंगीबेरंगी चिंध्यांचा गुच्छ लटकतो, नवस फेडल्यासारखा! कुरूप दिसतं हा एक भाग. खरा धोका वेगळाच आहे. कोणीतरी घाईत 'आहे की इथे बांधलेलं' म्हणून त्यातल्याच एका कुजक्या पट्टीवर लटकतो. ऊन नायलॉनला आतून खातं, आणि किती खाल्लंय ते डोळ्याला दिसत नाही.

परत येणारे अँकर : चार प्रकार

आता मुख्य भाग. हे वाचून लगेच करायला जाऊ नका. हे समजण्यासाठी आहे. हात बसवायचा तर जाणत्या माणसाच्या नजरेखाली, जमिनीपासून पाच फुटांवर.

पहिला : दुहेरी दोर. झाडाच्या बुंध्याला किंवा कडीत दोर ओवून दोन्ही पदर सारखे खाली सोडायचे. विहिरीवरची कप्पी. सर्वात सोपा. तोटा असा की दोर दुप्पट लागतो. पंचेचाळीस फुटांच्या पॅचला नव्वद फूट, शिवाय अँकर कड्यापासून मागे असेल तर तेवढं अंतर पुन्हा दोनदा. आणि थेट झाडाला ओवला तर ओढताना साल सोलली जाते. पन्नास ग्रुपनी तसं केलं की झाड मरतं, आणि झाडाबरोबर अँकरही.

दुसरा : अडसर आणि ओढदोरी. इथे एकाच पदरावरून उतरायचं. दोर कडीतून ओवला की मागच्या बाजूला अशी जाड गाठ किंवा कॅराबिनर बसवायचा की ती कडीतून जाऊच शकणार नाही. त्या अडसरामागे बारीक दोरी जोडायची, तीच खाली ओढायची. फायदा वजनाचा. दहा मिलिमीटरचा साठ मीटर दोर जवळपास चार किलो भरतो. सहा मिलिमीटरची तेवढीच दोरी दीड किलोच्या आसपास. पण इथे एक जीवघेणी गफलत होऊ शकते. चुकीच्या पदरावर वजन टाकलं तर अडसराचा उपयोग शून्य, दोर सरसर सुटतो. म्हणून नियम असा की कोणता पदर उतरायचा आणि कोणता ओढायचा हे मोठ्याने बोलून, हात लावून, दोघांनी तपासायचं. दोन रंगांचे दोर वापरले तर अजून बरं.

तिसरा : सुरगाठ आणि काडी. हा मला सगळ्यात आवडणारा, कारण याची कल्पना आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. निरगाठ आणि सुरगाठ! निरगाठ ओढली की घट्ट होते. सुरगाठीचं एक टोक ओढलं की ती अलगद सुटते. गोठ्यात बैल सुरगाठीने बांधतात ते याचसाठी, वेळ आली तर एका झटक्यात सोडता यावा.

कॅन्यनवाल्यांनी यात एक काडी आणली. दोर झाडाभोवती किंवा धोंड्याभोवती घ्यायचा, दोन्ही पदरांची एक विशिष्ट गाठ घालायची आणि गाठीच्या पोटात एक गुळगुळीत मजबूत दांडी अडकवायची. इंग्रजीत तिला फिडलस्टिक म्हणतात. वजन पडलं की गाठ दांडीवर आवळते. दांडी आत आहे तोवर गाठ आहे. खालून बारीक दोरी ओढली की दांडी निसटते आणि गाठ नाहीशी होते. नुसता सरळ दोर उरतो आणि झाडाभोवतून सरकत खाली येतो. ना कडी, ना स्लिंग, ना चिंधी.

भारी आहे ना? आता धोका ऐका. ती बारीक दोरी कोणी उतरताना चुकून ओढली, कोणाच्या पायात अडकली, सॅकमध्ये गुंतली, तर वरची गाठ सुटेल आणि माणूस खाली जाईल. म्हणून शेवटचा माणूस सोडून बाकी सगळे उतरत असताना गाठीला कॅराबिनरचा जादा आधार लावून ठेवतात, म्हणजे दांडी निघाली तरी गाठ सुटत नाही. तो आधार फक्त शेवटचा माणूस काढतो. आणि तो उतरेपर्यंत खालच्यांपैकी कोणीही दोरीला हात लावत नाही.

चौथा : वाळूची पिशवी. जिथे झाड नाही, कोंब नाही, बोल्ट नाही, तिथे काय? वाळवंटात वाळू भरपूर. मग जाड कापडाची एक ताडपत्रीसारखी झोळी पसरतात, तिच्यावर वाळू भरतात. वाळूच्या वजनाने आणि जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने झोळी जागची हलत नाही. उतरून झालं की मागच्या टोकाला बांधलेली दोरी ओढायची. झोळी पालथी होते, वाळू जागच्या जागी सांडते आणि रिकामं कापड खाली येतं. पाणी असेल तिथे पाण्याने भरायच्या पिशव्याही वापरतात.

हे प्रकरण नाजूक आहे. ओढ जमिनीला समांतर हवी, वर उचलणारी नको. उतरणाऱ्याने झटके न देता, लोण्यावरून घसरल्यासारखं उतरायचं. आपल्या बेसाल्टच्या घळीत वाळू कमी आणि गुळगुळीत ओला कातळ जास्त, म्हणून हा प्रकार इथे जसाच्या तसा उचलणं शहाणपणाचं नाही. पण तत्त्व कळलं की एक गोष्ट लक्षात येते. अँकर म्हणजे 'ठोकलेलं काहीतरी' असं नाही. अँकर म्हणजे वजन, घर्षण आणि दिशा यांचा हिशोब.

हिशोबाचा एक आकडा

दिशेचं एक उदाहरण देतो, कारण हे बोल्टवाल्यांनाही लागू आहे. दोन आधारांना एकच स्लिंग व्ही आकारात जोडली, तर प्रत्येक आधारावर निम्मं वजन येतं असं वाटतं. पण ते कोनावर ठरतं. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर सुमारे ५८ टक्के. कोन १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के! म्हणजे दोन अँकर असून फायदा काहीच नाही. त्याहून पसरट केलं तर एका अँकरपेक्षाही वाईट. दोन झाडांना ताणून बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. एक ओलं ब्लँकेट टाकलं तरी दोन्ही टोकं कशी करकरतात! म्हणून कोन साठच्या आत.

शेवटचा माणूस

परत येणाऱ्या अँकरमधला खरा प्रश्न तंत्राचा नाही, माणसाचा आहे. आधीच्या सगळ्यांना वरून जादा आधार मिळतो. वर बसलेले साथीदार स्वतःला दोराशी जोडून बॅकअप होतात. पण तो दोर थोडा सैल ठेवतात, म्हणजे मुख्य अँकरवर खरंच वजन येतं आणि त्याची परीक्षा होते. आधी सगळ्यात वजनदार माणूस उतरतो. मग त्याहून हलका. शेवटी सगळ्यात हलका आणि सगळ्यात जाणता. त्याच्यासाठी वर कोणीच उरत नाही. त्याच्या आधीचे सगळे उतरताना अँकर तसूभरही हलला नसेल, तरच त्याने बॅकअप काढायचा. हलला असेल तर पुन्हा बांधायचा, अंधार पडत असला तरी.

आपल्याकडच्या ग्रुपमध्ये हा माणूस बहुतेक वेळा गावातला पोरगा असतो किंवा ग्रुपचा सगळ्यात जुना लीडर. आपण खाली डोहाकाठी फोटो काढत असतो तेव्हा तो वर एकटा गाठी तपासत असतो. पुढच्या वेळी तो उतरेपर्यंत दोराजवळ गर्दी करू नका, दोरावर पाय देऊ नका आणि त्याच्याशी वरून-खालून गप्पा मारू नका. एवढं आपल्या हातात आहे.

दोर अडकला तर?

हीच भीती सगळ्यात मोठी. खालून ओढताय आणि दोर येतच नाही. कातळाच्या खाचेत गाठ बसली, दोन पदरांना पीळ पडला, किंवा टोकाला बांधलेली सुरक्षेची गाठ सोडायलाच विसरलात. आता तुमच्या वर पन्नास फुटांचा कडा आणि तुमच्या खाली अजून दोन पॅच, ज्यांना तोच दोर लागणार आहे.

म्हणून जाणते लोक एक साधी सवय पाळतात. शेवटचा माणूस वर असतानाच खालचा माणूस दोर हातभर ओढून बघतो. सरकला तर ठीक. नाही सरकला तर वरचा माणूस जागा बदलतो, कड्याच्या धारेवरून दोर पुढे घेतो, पीळ काढतो. हातभर ओढून बघायला अर्धं मिनिट लागतं. न बघता उतरलात तर रात्र दरीत जाऊ शकते.

आणि एकदा दोर ओढला की मागची वाट संपली. हे वाक्य नुसतं ऐकू नका, त्याचा अर्थ पाहा. वर जाऊन 'चला परत फिरू' म्हणायचा पर्याय उरत नाही. कोणाचा पाय मुरगळला, पाणी संपलं, आभाळ भरून आलं, तरी बाहेर पडायचा रस्ता फक्त खालच्या दिशेने. म्हणून दोर ओढणं हे आवराआवरीचं काम समजू नका. ट्रेकमधला सगळ्यात मोठा निर्णय तोच आहे.

पाणी वरून येतं, पाऊस पडला नाही तरी

खडवलीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आपली भातसा. इथे ऊन पडलेलं असतं आणि वर शहापूरच्या डोंगरात कोसळत असतो. नदी चढते तेव्हा इथल्या आभाळाकडे बघून काही कळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जवळच्या जू-नांदखुरी गावात पुराने वेढलेल्या ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. काही मिनिटांत पाणी किती वाढलं, तेही पाहिलंय.

आता हीच गोष्ट पाच फूट रुंद फटीत कल्पना करा. ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला अकरा पर्यटक पुरात गेले. पाऊस झाला होता कित्येक किलोमीटर दूर. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता. परवान्याने पाणी थांबत नाही.

सांदण पावसाळ्यात उतरायची नसतेच, ती स्वतःच धबधब्याची वाट असते. पण खरा फसवा काळ मे महिना. वळवाचा पाऊस. सकाळी निरभ्र, तीनला ढग, चारला ताशे वाजल्यासारखा गडगडाट. तुम्ही पहिला दोर ओढलेला असेल तर वर जाता येत नाही, आणि भिंतींवर चढता येत नाही. म्हणून मेमध्ये जायचंच असेल तर पहाटे दरीत शिरा आणि दुपारच्या आत शेवटचा पॅच संपवा. घाटमाथ्यावर ढग दिसले तर पहिल्या पॅचच्या आधीच माघार. साम्रदचा माणूस 'आज नको' म्हणाला तर तोच हवामान खातं.

मग बोल्ट वाईट की चांगले?

असा प्रश्न एका लिसनरने मागच्या भागानंतर विचारला होता. सरळ उत्तर : जागेवर ठरतं.

सांदणसारख्या ठिकाणी वीकेंडला रांग लागते. तिथे प्रत्येक ग्रुपने आपापली कल्पक गाठ लावत बसणं म्हणजे रांग वाढवणं. मागचे लोक अंधारात अडकतात, आणि अंधारात घाई होते. अशा जागी चांगल्या प्रतीचे, स्टेनलेस स्टीलचे, नियमित तपासलेले दोन बोल्ट हेच जास्त सुरक्षित आणि झाडांसाठीही कमी त्रासाचे. फक्त ते कोणी ठोकले, कधी ठोकले, कोण तपासतं, याची जबाबदारी कोणीतरी उघडपणे घ्यायला हवी. अभयारण्यात कातळाला भोक पाडायचं तर वनखात्याला विचारून.

पण जिथे वर्षाला दोन-चार ग्रुप जातात अशा घळीत बोल्ट म्हणजे पुढच्या लोकांना दिलेलं आमंत्रण. बोल्ट दिसला की वाट 'तयार' वाटते, आणि तयारी नसलेली माणसं उतरतात. तिथे मागे काही न ठेवता जाणं योग्य. ती घळ पुढच्याला तशीच मिळू दे, त्याने स्वतः विचार करून उतरू दे.

निघण्याआधी आणि दोर ओढण्याआधी

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निघण्याआधी :
– ट्रेक नेणाऱ्या संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते. विचारायला लाजू नका.
– लीडर किती आणि लोक किती? पॅचवर वर कोण, खाली कोण? शेवटी कोण उतरणार?
– घरी एका माणसाला लिहून द्या : कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. आठवा रॉल्स्टन.
– ११२ आणि १०८ हे नंबर पाठ असतीलच. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा चालू नंबर घरी असलेल्या माणसाकडेही देऊन ठेवा. दरीत रेंज नसते, फोन तोच करणार आहे.

दोर ओढण्याआधी स्वतःला पाच प्रश्न :
१. सगळे खाली आले का? मोजून.
२. टोकाची गाठ सोडली का?
३. कोणता पदर ओढायचा?
४. पुढच्या सगळ्या पॅचना पुरेल एवढा दोर, पाणी आणि उजेड आहे का?
५. आभाळ?

एकाचंही उत्तर 'माहीत नाही' असेल तर दोर तसाच राहू दे. दोर लटकतोय तोवर वर जायची एक वाट शिल्लक आहे. जाणता माणूस दोरावरून वर चढू शकतो, मदत आणू शकतो.

मंडळी, आपल्या पिढीला बोल्ट, जीपीएस, हेल्मेट कॅमेरा सगळं मिळालं. चांगलंच आहे. पण ती फट आपल्या आधी कित्येक लाख वर्षं तिथे आहे आणि तिला आपल्या स्टोरीशी घेणंदेणं नाही. उतरा, मजा करा, मागे चिंधी ठेवू नका. आणि ज्या क्षणी कोणी म्हणेल 'ओढू का दोर?', त्या क्षणी सगळ्यांनी गप्प होऊन एकदा वर बघा, एकदा खाली बघा, मग हो म्हणा.

पुढच्या भागात याच विषयाचा दुसरा अर्धा घेऊ : दोर स्वतः. कधी घ्यायचा, कसा धुवायचा आणि कधी त्याला निवृत्त करायचं. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, नेहमीसारखे. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो शुक्रवारी रात्री ग्रुपवर 'सांदण, उद्या, कोण कोण?' असं टाकतो. भेटूया!